आधी ओल शोधा, मग रंग मारा: भिंतीचं शास्त्र चेहऱ्याला लावायचं कसं

मी घरांचं इंटिरियर करते. परवा मंगळवार पेठेत एका काकूंच्या घरी गेलते, हॉलच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटलेले आणि काकूंचं म्हणणं की त्यावरच मस्त वॉलपेपर मारून टाक, गणपतीच्या आत दिसायला बरं दिसलं पाहिजे. मी म्हणलं काकू मारते, पण दिवाळीला तो ओलीसकट खाली येणार, आधी पाणी कुठनं येतंय ते बघू. मागं बाथरूम, तिथला पाइप झिरपत होता. तो बदलला, भिंत खरडली, आता ती नुसती वाळायला सोडलीय.

हे सांगायचं कारण, दोन वर्षांमागं मी माझ्या चेहऱ्याला वॉलपेपरच मारत होते. साइटवरची धूळ, गाडीवरचं ऊन, गालावर डाग दिसायला लागले आणि मी व्हिडिओ बघून महिन्याभरात सहा-सात बाटल्या आणल्या, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, स्क्रब, पील, सगळं एकदम. गाल लाल झाले, नुसतं पाणी लागलं तरी झोंबायचं. स्किनच्या डॉक्टरांनी सगळं बंद केलं आणि तीनच वस्तू दिल्या: साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मला वाटलं, अरे हे तर मी रोज क्लायंटला सांगते, आधी खोली रिकामी करा.

तर सुरुवात तिथनंच. चेहरा झोंबत असेल, सोलत असेल तर दोन-तीन आठवडे सगळे सीरम, स्क्रब, लिंबू, बेकिंग सोडा बाजूला ठेवा. फेसवॉश सौम्य घ्या, अंगाचा साबण नको. कातडीचा पीएच (आम्ल-क्षार मोजायचा आकडा) 5 च्या आसपास असतो आणि साध्या साबणाचा 9-10, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला पॉलिश पेपर मारल्यासारखं. बोअरचं पाणी असेल तर जास्तच जपा, नळावर जे पांढरे डाग पडतात तेच क्षार साबणाबरोबर चेहऱ्यावर राहतात. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतोय? मग तो फेसवॉश तुमचा नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कातडीचा वरचा थर डॉक्टर लोक विटांच्या भिंतीसारखाच समजावतात, मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि मधला माल म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड असले स्निग्ध पदार्थ. माल उडाला की फटी पडतात, आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं त्रास देणारं आत येतं. मॉइश्चरायझरचं काम म्हणजे फटी भरणं आणि पाणी धरून ठेवणं, म्हणून लेबलवर ग्लिसरीन, सेरामाइड दिसतंय का बघा, वासावर जाऊ नका. इथं एक फरक मात्र लक्षात ठेवा, रंग मारायला भिंत कोरडी लागते पण मॉइश्चरायझर किंचित ओल्या चेहऱ्यावर लावायचं. हे रंगापेक्षा काँक्रीटला पाणी मारण्यासारखं आहे, नवीन कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून निदान 7 दिवस पाणी मारतात ना, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून, तसंच.

सनस्क्रीन म्हणजे खिडकीचा पडदा. खिडकीला लागून ठेवलेल्या सोफ्याचा रंग कसा उडतो तुम्ही बघितलंय, उन्हात यूव्हीए आणि यूव्हीबी अशी दोन प्रकारची अतिनील किरणं असतात, साध्या काचेतनं यूव्हीए आत येतातच, ढगातनं पण येतात, त्यामुळं पावसाळ्यात सुट्टी नाही. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा, 30 असेल तर साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतं आणि 50 साधारण 98, म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता ते महत्त्वाचं. लेबलवर ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे दोन्ही किरणं अडवणारं, असं लिहिलेलं बघा. दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, चेहरा आणि मान मिळून, आणि बाहेर असाल तर दोन तासांनी परत. वाटाणाभर लावलं तर पडदा अर्धाच ओढलाय असं समजा. गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधता ते चांगलंच, पण नाक-कपाळ उघडंच राहतं.

डाग, पिंपल यासाठी एखादं सीरम घ्यायचंच असेल तर आमचा 60-30-10 चा हिशोब आठवा. खोलीत 60 टक्के मुख्य रंग, 30 दुसरा आणि 10 टक्के उठावाला, म्हणजे उशा, एखादी फ्रेम. सीरम म्हणजे त्या उशा, त्याच सगळीकडं टाकल्या तर बसायला जागा राहत नाही. एका वेळी एकच वस्तू आणा. आणि शेड कार्डवर बघून कोणी अख्खी भिंत रंगवत नाही, आपण कोपऱ्यात पट्टा मारून सकाळी आणि रात्रीच्या लाईटमध्ये बघतो, तसं नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा, खाज-लाली नाही आली तरच चेहऱ्यावर. मग धीर धरा, वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो, त्यामुळं दीड-दोन महिने दिल्याशिवाय निकाल लावू नका. 2019 च्या पुरानंतर कोल्हापूरच्या शाहूपुरीत घाईनं रंगवलेल्या भिंतींना पुढं काय पोपडे सुटले ते मी बघितलंय.

आणि एक कळकळीनं सांगते. मेडिकलमधनं कोणीतरी सांगितलं म्हणून गोरं करणारी क्रीम आणू नका. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि सांगितलं तेवढेच दिवस. चार दिवस चेहरा उजळलेला दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, आणि बंद केलं की जास्तच भडकतं. माझ्या ओळखीत दोन मुलींनी लग्नाआधी हे केलं, दोघींनाही वर्षभर डॉक्टरकडं जावं लागलं. काकूंच्या वॉलपेपरचं मी ऐकलं असतं तर भिंतीचं जे झालं असतं तेच. असली क्रीम बरेच दिवस लावत असाल तर एकदम सोडू नका, ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरकडं जा.

बाकी सोपं आहे. सकाळी धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री धुणं आणि मॉइश्चरायझर. पडदे ऋतूप्रमाणं बदलतो तसं जुलै-ऑगस्टच्या चिकट हवेत जेलसारखं हलकं घ्या आणि थंडीत ओठ फुटायला लागले की जाडसर क्रीमकडं या. काकूंच्या भिंतीला अजून प्रायमर लागलेला नाही, पुढच्या शनिवारी हात लावून बघणार, कोरडी लागली तरच पहिला हात.