सुटे भाग घेण्यापूर्वी टास्क मॅनेजर पाहा
व्हिडिओ संपादनात संगणक अडखळू लागला की पुष्कळजण थेट मुंबईतील लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठून महागडे ग्राफिक्स कार्ड आणतात, आणि खरी अडचण मात्र दुसऱ्याच भागात असते. विंडोज संगणकावर ती आधी अशी शोधावी.

१. आपले नेहमीचे सर्वांत जड काम उघडून टाइमलाइन चालवावी, मग एक्स्पोर्ट सुरू करावे.

२. त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणारी विंडोजमधील सोय, उघडावा आणि त्यातील ‘परफॉर्मन्स’ हा भाग पाहावा.

३. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम (म्हणजे हीच मेमरी) वाढवावी. डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि ती जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी, कारण माझ्या मते कमी खर्चात सर्वाधिक फरक तिनेच पडतो. प्रोसेसर पूर्ण भरलेला आणि बाकीचे भाग मोकळे असतील, तरच प्रोसेसरचा विचार करावा.

रॅम घेताना मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचे, मॉडेल लिहून न्यावे, कारण डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे वेगळे प्रकार असून डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. शिवाय काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच कायमची जोडलेली असल्याने ती वाढवताच येत नाही.