हापूस थेट गिऱ्हाइकाच्या दारी: आंबा बागायतदारासाठी डिजिटल मार्केटिंगची सुरुवात

हापूसचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. मार्चमध्ये फळ हाताशी येतं आणि मृगाच्या आत संपतं. त्यामुळे ऑनलाइन विक्रीची जुळवाजुळव मार्चमध्ये सुरू केली तर गुढीपाडवा हातचा जातो आणि अक्षय्य तृतीयेलाही धावाधाव होते. झाडाला मोहोर दिसू लागला की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, कामाला लागावं.

सुरुवात जाहिरातीने करू नका. फेसबुकच्या पोस्टखाली ‘बूस्ट’चं बटण दिसतं, त्यात दोन हजार रुपये जातात, लाइक येतात आणि पेट्या तिथेच राहतात. ज्यांनी गेल्या वर्षी तुमचा आंबा खाल्ला त्यांचे फोन नंबर ही तुमची खरी पुंजी. ते एकत्र केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

गिऱ्हाइकांची यादी

जुने व्हॉट्सॲप चॅट, यूपीआयचे व्यवहार, टेम्पोवाल्याच्या पावत्या, डायरीची मागची पानं या सगळ्यांतून नंबर काढून गूगल शीटमध्ये भरा. रकाने एवढे पुरतात: नाव, नंबर, परिसर, पिनकोड, किती डझन, कोणत्या तारखेला, कच्चा की तयार, काही तक्रार होती का, आणि आपल्याबद्दल कुठून कळलं.

पिनकोडचा रकाना बरेच जण सोडतात. सोडू नका. समजा पुण्यातल्या ८० गिऱ्हाइकांपैकी ३० कोथरूड-कर्वेनगरची निघाली, तर टेम्पो कुठे उभा करायचा, कोणत्या वारी पोच द्यायची आणि पुढे जाहिरात कुठे दाखवायची, हे तिन्ही प्रश्न त्या एका रकान्याने सुटतात. ही यादी दुसऱ्या कुणाला देऊ नका. लोकांनी नंबर तुम्हाला दिला आहे, तुमच्या मित्राच्या काजूच्या धंद्याला नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस

निम्म्याहून जास्त काम इथेच होतं, म्हणून इथे वेळ द्या. ॲप फुकट आहे. एकाच नंबरावर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस ॲप दोन्ही चालत नाहीत, म्हणून धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि हंगाम संपल्यावरही त्याचा रिचार्ज चालू ठेवा. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, आणि मग तुमचं गिऱ्हाईक भलत्याच माणसाला आंब्याचा भाव विचारत बसतं.

प्रोफाइलमध्ये बागेचं नाव, गावाचा पूर्ण पत्ता, नकाशावरची खूण आणि फोनवर बोलायची वेळ भरा. फोटो स्वतःच्या बागेचाच हवा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा लोक ओळखतात. दरवर्षी आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे विक्रेते असतातच, म्हणून नवं गिऱ्हाईक आधी तुमचा खरेपणा तपासतं. याच कारणाने पैसे धंद्याच्या खात्यावर घ्या. क्यूआर स्कॅन केल्यावर बागेचंच नाव दिसलं की शंका उरत नाही. चुलतभावाचं नाव दिसलं की माणूस थबकतो.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या मालाच्या यादीत, प्रतवारीप्रमाणे नग टाका, जसं २०० ते २२५ ग्रॅम, २२५ ते २५० ग्रॅम, २५० ते २७५ ग्रॅम. ‘मोठा’, ‘जम्बो’, ‘स्पेशल’ या शब्दांवरून पुढे भांडणं होतात, कारण प्रत्येकाच्या मनातला मोठा आंबा वेगळा असतो. भाव बदलला की त्याच दिवशी कॅटलॉगमध्ये बदला आणि भावापुढे तारीख लिहा.

मग क्विक रिप्लाय तयार करा. चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की साठवलेल्या उत्तरांची यादी उघडते. ५० उत्तरं साठवता येतात, तुम्हाला पाच-सहा पुरतील: भाव, पोच कधी, पैसे कसे द्यायचे, आंबा कसा पिकवायचा, तक्रार कशी कळवायची. पिकवण्याचं उत्तर असं लिहिता येईल:

‘पेटी आली की लगेच उघडा. फळं गवतातच, एका थरात, हवेशीर जागी ठेवा. रोज एकदा हात फिरवून बघा. सुगंध सुटला, रंग धरला आणि देठाजवळ किंचित दाबलं गेलं की फळ तयार. तयार होण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका, पिकणं थांबतं आणि चव बसत नाही.’

एवढी पाच वाक्यं पेटी पोचायच्या आदल्या दिवशी गेली की ‘आंबा कच्चाच पाठवला’ हे फोन बरेच कमी होतात.

स्वागताचा संदेशही लावून ठेवा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर, तो आपोआप जातो. त्यात भावाची लांबलचक यादी घालू नका. ‘नमस्कार, आपला परिसर आणि किती डझन हवेत ते कळवाल का?’ एवढंच विचारा. माणसाने उत्तर दिलं की बोलणं सुरू होतं. चॅटला लावायची लेबलं चार ठेवा: नवी ऑर्डर, पैसे आले, पाठवलं, तक्रार.

जुन्या गिऱ्हाइकांना एकदम कळवायचं तर ब्रॉडकास्ट लिस्ट. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात. पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच हा संदेश पोचतो. ‘सगळ्यांना पाठवलं, कुणी काही बोललंच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका: बागेचं नाव, नंबर, आणि ‘पुढच्या वर्षी पहिल्या पेटीची खबर हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा’. हजारो नंबरांना एका फटक्यात संदेश पाठवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. व्हॉट्सॲपच्या नियमांत ते बसत नाही. अनोळखी लोक तक्रार करतात आणि ऐन एप्रिलमध्ये नंबर बंद पडतो.

एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची) नोंदणी करून संदेशाचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. शे-दोनशे गिऱ्हाइकांसाठी एवढा खटाटोप करू नये.

गूगल बिझनेस प्रोफाइल

हेही फुकट. मात्र त्याच्याकडून काय मिळेल हे नीट समजून घ्या. गूगल जवळची ठिकाणं आधी दाखवतं. बाग रत्नागिरीजवळ असेल तर पुण्यातून ‘हापूस आंबा’ शोधणाऱ्याला तुमची प्रोफाइल सहसा दिसणार नाही. तिचा उपयोग दुसरा आहे: कुणी तुमचं नाव ऐकून शोधलं तर पत्ता, फोटो आणि आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय एका जागी दिसतात, आणि कोकणात आलेला माणूस बागेपर्यंत पोचतो. फक्त कुरिअरने माल पाठवणाऱ्याला ही प्रोफाइल काढता येत नाही. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत असेल, किंवा तुम्ही स्वतः त्याच्याकडे पोच देत असाल, तरच काढा.

नावाच्या जागी पाटीवर आहे तेच नाव लिहा. नावापुढे ‘बेस्ट हापूस होलसेल घरपोच पुणे’ अशी शेपटी जोडली तर नियमभंग होतो आणि प्रोफाइल स्थगित होऊ शकते. ती परत मिळवण्यात आठवडे जातात. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात: न थांबवता, एका दमात, निदान ३० सेकंदांचा. रस्त्यावरून सुरुवात करा, पाटी दाखवा, गेट किंवा गोदामाचं कुलूप स्वतः उघडा, आतल्या पेट्या आणि वजनकाटा दाखवा. जागा तुमच्या ताब्यात आहे हे दिसायला हवं, म्हणून कुलूप उघडतानाचा भाग महत्त्वाचा.

अभिप्राय मागायचा तो आंबा खाऊन झाल्यावर, पोच दिल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांनी. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलला ते चालत नाही.

रील: काय टिपायचं

बागेत दाखवण्यासारखं इतकं असतं की गाणं आणि नाच लागत नाही. जानेवारीत मोहोर, मग कणी, सुपारीएवढी फळं, पुढे कैरी. हीच तुमची चार महिन्यांची मालिका. आठवड्याला दोन रील खूप झाल्या. फोन उभा धरा, लांबी २० ते ३० सेकंद, आणि पहिल्या तीन सेकंदांत डोळ्याला काहीतरी पकडणारं हवं.

उदाहरणार्थ काढणी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने फळ देठासकट उतरतं. झेला वर जातो, फळ अलगद जाळीत पडतं, मग कॅमेरा जवळ नेऊन देठ दाखवायचा. देठ का ठेवला हे एका वाक्यात सांगा: तो तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ तिथूनच खराब होऊ लागतं. दुसऱ्या रीलमध्ये चौदा आणे (सोळांत चौदा भाग) तयार फळ आणि कोवळं फळ शेजारी ठेवून फरक दाखवा. अशी माहिती लोक नातेवाइकांना पाठवतात, आणि ‘आमच्याकडे उत्तम आंबा मिळेल’ हे वाक्य न बोलताच पोचतं. वाऱ्याने आवाज खराब होतो, म्हणून बोलणं नंतर घरात रेकॉर्ड करून जोडा. मराठीत मोठ्या अक्षरांत ओळी टाका, कारण पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात.

नावाच्या बाबतीत खरं बोला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर ते प्रमाणपत्र प्रोफाइलवर आणि पेटीवर जरूर दाखवा. परप्रांतातला आंबा कोकणातला म्हणून खपवणाऱ्यांमुळेच प्रामाणिक बागायतदाराला इतकं पटवत बसावं लागतं.

आता जाहिरात

फळ पेटीत भरायला तयार आहे आणि पोचेची तारीख ठरली आहे, तेव्हाच जाहिरात चालू करा. ‘बूस्ट’ऐवजी मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) ॲड्स मॅनेजरमध्ये जा. उद्दिष्ट ‘एंगेजमेंट’, आणि संदेश यायची जागा व्हॉट्सॲप. ठिकाण म्हणून अख्खं ‘महाराष्ट्र’ निवडू नका. तुमच्या यादीतल्या पिनकोडप्रमाणे नकाशावर पिन टाका, म्हणजे टेम्पो जिथे जातच नाही तिथले संदेश येणार नाहीत. चित्रावर तीन गोष्टी हव्यात: कोणत्या गावचा आंबा, डझनाचा भाव, आणि पोच कुठे व कधी. भाव लपवला की ‘रेट?’ विचारून निघून जाणारेच जास्त येतात.

रोजचे ४०० रुपये, पाच दिवस, एकच ॲड सेट (एकाच बजेटचा आणि एकाच प्रेक्षकवर्गाचा जाहिरातींचा गट). हे ४०० चार ठिकाणी वाटले तर कुणाला जाहिरात दाखवायची हे शिकण्याइतकी माहिती यंत्रणेला एकाही सेटमधून मिळत नाही. तिला आठवड्याला साधारण ५० परिणाम लागतात. मधेच बजेट किंवा मजकुरात मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून पहिले तीन दिवस हात लावू नका. पाऊस आला, काढणी थांबली, तर मात्र त्याच क्षणी जाहिरात बंद करा. माल नसताना आलेल्या संदेशाचे पैसेही जातात आणि नावही.

संध्याकाळी आठ ते दहा या वेळात फोन हातात असू द्या. विचारणारा एकाच वेळी चार बागायतदारांना विचारतो, आणि ऑर्डर सहसा आधी उत्तर देणाऱ्याला मिळते.

गूगलच्या सर्च जाहिरातीत ठिकाणाची सेटिंग आधी तपासा. मुळात ती ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले’ अशी असते, ती बदलून फक्त ‘त्या ठिकाणी असलेले’ करा. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइटांवर जाहिरात दाखवण्याची, खूण काढा. नको असलेल्या शब्दांची यादी पहिल्याच दिवशी भरा: कलम, रोप, लागवड, फवारणी, अनुदान, बाजारभाव, रेसिपी, मिल्कशेक. नाहीतर आमरसाची कृती शोधणाऱ्याच्या क्लिकचे पैसे तुम्ही भराल. मराठी शब्द लोक रोमन लिपीतही टाइप करतात, म्हणून दोन्ही रूपं घाला. ठरवलेल्या रोजच्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च एखाद्या दिवशी होऊ शकतो, पुढच्या दिवसांत तो सावरला जातो. ते पाहून घाबरू नका.

हिशेब

समजा २,००० रुपयांची जाहिरात केली. १८ टक्के जीएसटी धरून २,३६० झाले. ६० जणांनी विचारलं, ९ ऑर्डर आल्या, १८ डझन गेले. म्हणजे डझनामागे १३१ रुपये जाहिरातीचे. पॅकिंग आणि पोच वजा जाता दलालाच्या भावापेक्षा डझनामागे २०० रुपये जास्त सुटत असतील तर ६९ उरले. तेच १२० सुटत असतील तर जाहिरात तोट्यात आहे, लाइक कितीही असोत. पण ६० विचारणांतून ९ ऐवजी ३च ऑर्डर आल्या, तर जाहिरातीआधी तुमचं उत्तर देणं, भाव आणि पोचेची तारीख तपासा.

ऑर्डर कुठून आली हे कळण्यासाठी व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये मजकूर आधीच घालून ठेवा. रीलच्या लिंकमध्ये ‘रील पाहून’, पेटीवरच्या क्यूआरमध्ये ‘पेटीवरून’. पहिला संदेशच सगळं सांगतो.

साक्याची तक्रार

कितीही काळजी घेतली तरी एखाद्या फळात साका निघतो. साल सुंदर, आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. बाहेरून तो ओळखता येत नाही. मोठ्या फळांत आणि झाडावर जास्त तयार झालेल्या फळांत तो जास्त आढळतो. ही गोष्ट लपवण्यापेक्षा पोचेआधीच्या संदेशात सांगून टाका: ‘फळात साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो २४ तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’ आणि फोटो आला की वाद न घालता लगेच परत करा. गूगलवर कुणी एक तारा देऊन गेलं तर खाली शांतपणे साका म्हणजे काय ते दोन ओळींत लिहा, पैसे परत केल्याचं नोंदवा आणि थांबा. पुढचं गिऱ्हाईक त्या ताऱ्याच्या आधी तुमचं उत्तर वाचतं.

जूनमध्ये शेवटची पेटी गेली की गूगलवर प्रोफाइल ‘तात्पुरते बंद’ करा, जाहिरात खात्यातलं आपोआप पैसे कापणं थांबवा, यादीत यंदाची नवी नावं भरा आणि ब्रॉडकास्टवर एकच संदेश पाठवा: ‘यंदाचा आंबा संपला. पुढच्या वर्षी मोहोर आला की फोटो पाठवू.’