चाकावर माती घडवायला शिकताना

चाकावरच्या कामाचा वर्ग निवडताना शेवटी घरी काय नेता येईल यापेक्षा प्रत्येकाच्या वाट्याला चाक किती वेळ येते, हे आधी विचारावे. पुण्या-मुंबईत एका दिवसाच्या कार्यशाळाही होतात. त्यांत भांडे तयार होते खरे, पण त्याला आकार बहुधा शिकवणाऱ्याच्याच हातांनी आलेला असतो. चार-सहा जणांचा, काही आठवडे चालणारा, प्रत्येकाला स्वतंत्र चाक देणारा आणि एरवीही सरावाला येऊ देणारा वर्ग मिळाला, तर तोच घ्यावा. भाजणीचा आणि ग्लेझचा, म्हणजे भांड्यावर चढवायच्या काचेसारख्या लेपाचा, खर्च शुल्कात धरला आहे का, हेही तेव्हाच स्पष्ट करून घ्यावे.

वर्गाला जाताना नखे कापलेली असावीत आणि अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात. मळलेले गोळे आयते मिळत असले, तरी माती स्वतः मळण्याचा आग्रह धरावा, कारण आत राहिलेली हवा किंवा घट्ट गुठळी चाकावर बोटांना धक्का देते आणि भिंत नेमकी तिथे फाटते. गोळा तारेने मधोमध कापून पाहावा आणि पोकळ्या दिसेनाशा होईपर्यंत मळत राहावे. माती पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट असली, म्हणजे नवशिक्याला सोपी जाते.

यानंतरचे सेंटरिंग, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणे, हाच या शिक्षणाचा गाभा आहे, आणि त्याला पहिले काही वर्ग पूर्ण द्यावेत असे माझे ठाम मत आहे. अर्धा किलोचा गोळा चाकाच्या मध्यावर जोराने आपटून बसवावा. चाक घड्याळाच्या उलट दिशेने वेगात फिरत असेल, तर डावे कोपर मांडीवर किंवा कमरेशी पक्के टेकवून डाव्या तळहाताने बाजूने आणि उजव्या हाताच्या कडेने वरून एकाच वेळी दाबावे. बळ मनगटातून न लावता धड किंचित पुढे झुकवून लावावे. हात हलला नाही, की मातीलाच मध्यावर यावे लागते. मातीबरोबर हातही डोलू लागला, तर कितीही जोर लावून उपयोग नाही. गोळा शंकूसारखा वर चढवून पुन्हा खाली दाबण्याची क्रिया दोन-तीनदा करावी आणि हात सावकाश सोडावेत, कारण ते झटक्याने काढले तर माती पुन्हा कलते. शेवटी डोळे मिटून एक बोट हलकेच टेकवावे. ठोका जाणवला नाही, तर पुढे जावे.

गोळ्यात अंगठा उतरवताना तळाशी सुमारे एक सेंटीमीटर माती राहू द्यावी आणि तिची जाडी सुईने तपासावी. हा तळ बोटांनी नीट दाबून घेतला नाही, तर वाळताना त्याला तडा जाण्याचा संभव असतो. भिंत चढवताना चाकाचा वेग कमी करावा, पाणी बेताचे वापरावे आणि आतले व बाहेरचे बोट समान दाबाने सावकाश वर न्यावे. सुरुवातीची भांडी जपून न ठेवता तारेने उभी कापावीत: भिंत खाली जाड आणि वर पातळ राहिली आहे, हे कापल्यावर एका नजरेत कळते. छोट्या गटात इतरांचीही कापलेली भांडी पाहायला मिळतात, म्हणून ही सवय सर्वांनी मिळून लावून घ्यावी. पहिल्याच महिन्यात माठाचा हट्ट धरू नये. आपले कुंभारसुद्धा माठ केवळ चाकावर पुरा करत नाहीत, तर चाकावरून उतरवलेले जाड भांडे थापटण्याने ठोकून फुगवतात.

भांडे पूर्ण वाळण्याआधी, हाताळले तरी आकार बिघडणार नाही इतके घट्ट झाले, की ते उलटे बसवून तळ तासावा. उन्हाळ्यात हा टप्पा काही तासांतच निसटू शकतो, म्हणून भांडे प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावे. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी कठीण होणारी, माती वाळून आणि भाजून साधारण १० ते १२ टक्के आटते, तेव्हा चहाचा कप हवा असेल त्याहून मोठाच घडवावा.

वर्ग संपल्यावर जागा ओल्या फडक्याने पुसावी. वाळलेली माती झाडूने कधीही झाडू नये, कारण तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला होते. त्यानंतर ग्लेझ लावताना तळ आणि त्यालगतची दोन-तीन मिलिमीटर कड स्पंजाने पुसून कोरी ठेवावी, नाहीतर वितळलेल्या ग्लेझमुळे भांडे भट्टीच्या फळीला चिकटते आणि दोन्हींचे नुकसान होते.