रात्रीची बाइक: उजेडाच्या आत थांबता आलं पाहिजे

रात्री बाइक चालवताना एक हिशेब पक्का हवा: हेडलाइट जिथपर्यंत रस्ता दाखवतो, त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतात, साधारण ४०-५० मीटर नीट दिसतं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अडथळा लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच गेले; त्यात कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २०-२५. म्हणजे ६० ला कसंबसं जमतं. ८० ला हीच बेरीज सत्तरच्या पुढे जाते. दिवे बंद करून उभा असलेला ट्रक दिसेल, पण थांबायला जागा नसेल. ओल्या रस्त्यावर तर ५० सुद्धा जास्तच.

हेडलाइट नीट लावलेला नसेल तर हा हिशेबही कोलमडतो. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ धरून वर बसा. दिव्याच्या मध्याची उंची दुसऱ्याला भिंतीवर खडूने खुणावायला सांगा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली हवी. मागे कोणी बसलं की शॉकअप दबतात, दिवा वर होतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून डबल सीट जायचं असेल तर दोघांनी बसूनच तपासा. उजेड कमी वाटतो म्हणून ३५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब टाकू नका. होल्डर वितळतो, वायरिंग तापतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर उजेड बहुतेकदा विस्कटतो: झगमगाट वाढतो, रस्ता तेवढाच दिसतो.

ब्रेकलाइट हाताच्या आणि पायाच्या, दोन्ही ब्रेकने लागतो का ते वेगवेगळं बघा. एकाचा स्विच गेला तरी दुसऱ्यामुळे कळत नाही.

हेल्मेटची काच पारदर्शकच हवी. चरे पडलेली काच दिवसा चालून जाते; रात्री समोरून दिवा आला की प्रत्येक चरा पेटतो. बदलून टाका, पुसून उपयोग नाही.

समोरच्याचा अप्पर, म्हणजे लांब पडणारा वरचा झोत, डोळ्यांवर आला तर त्याच्याकडे बघू नका. आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा आणि वेग आधीच उतरवा. खरा धोका तो निघून गेल्यावरचा, कारण काही सेकंद पुढे नुसता काळोख असतो. पायी चालणारे आणि जनावरं नेमकी तिथेच सापडतात. एकच दिवा येताना दिसला म्हणजे बाइकच असेल असं धरू नका. एक हेडलाइट गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो, म्हणून कडेला सरका.

पुढच्या गाडीचा टेललाइट वाचायला शिका. तो उडाला, तर तिथे खड्डा किंवा गतिरोधक आहे. अचानक बाजूला गेला, तर रस्त्यात काहीतरी पडलंय. हे कळायला मधे निदान तीन सेकंदांचं अंतर हवं. अगदी मागे चिकटलात तर ते कळेपर्यंत तुम्हीही खड्ड्यात.

धुक्यात अप्पर नको, पांढरी भिंत उभी राहते. रिफ्लेक्टर टेप बुटाच्या टाचेला आणि हेल्मेटच्या मागे लावा. बॅग अडकवली की जॅकेटवरची पट्टी झाकली जाते.

रात्री २ ते पहाटे ६ झोप सर्वात अनावर होते. गेल्या दोन किलोमीटरचा रस्ता आठवत नसेल, तर उजेडाची जागा बघून थांबा. चहा किंवा कॉफी घ्या, वीस मिनिटं डोळे मिटा आणि मग पूर्ण जागं व्हायला पाच-दहा मिनिटं देऊनच किक मारा.