वसाहतकाळातला धर्मस्वातंत्र्याचा कायदा कसा वाचावा

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींवर प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास सापडतं: ‘धर्मछळाला कंटाळून लोक तिथे गेले आणि त्यांनी सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिलं.’ पूर्वार्ध बऱ्यापैकी खरा, उत्तरार्धाला मी गुण देत नाही. बोस्टनच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रॉटेस्टंटांनी, १६५९ ते १६६१ या काळात क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या चौघांना फासावर दिलं. मेरी डायर त्यांतलीच. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, कायद्याचं गोंडस नाव आणि सुरुवातीचा उदार परिच्छेद तूर्त झाकून ठेवा. आधी शिक्षेचं कलम काढा.

मेरीलँडचा १६४९चा सहिष्णुता कायदा घ्या. येशू ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही धर्मावरून त्रास होऊ नये, असं तो म्हणतो. त्याच कायद्यात येशूचं देवत्व किंवा त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्याला मृत्युदंड आहे. म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आत, ज्यू बाहेर. जेकब लुंब्रोझो या ज्यू वैद्यावर १६५८ साली तिथेच ईशनिंदेचा आरोप ठेवला गेला. येशूच्या चमत्कारांबद्दल तो जे बोलला, ते त्याला भोवलं. कायदा टिकला किती, हेही बघा. १६५४मध्ये तो रद्द झाला, काही वर्षांनी परत आला, आणि पुढे सत्ता फिरल्यावर १७१८मध्ये ज्या कॅथलिकांनी ही वसाहत वसवली, त्यांचाच मताधिकार गेला.

शिक्षा पाहिली की पैशाकडे वळा. पाद्र्याचा पगार कोण भरतं? माझ्या मते धर्म आणि राज्य किती वेगळे आहेत, हे इथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठेच नाही. व्हर्जिनियात १६९६च्या कायद्याने अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या, पाद्र्याला वर्षाला १६,००० पौंड वजनाचा तंबाखू ठरला होता. तो करपात्र माणसांच्या डोक्यामागे वसूल व्हायचा, तुमचा पंथ कुठला हे न विचारता. आणि बॅप्टिस्ट या वेगळ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या उपदेशकांना १७६८मध्ये स्पॉटसिल्व्हेनियात तुरुंगात टाकलं, तेव्हा आरोप होता शांतताभंगाचा. धर्माचं नाव आरोपपत्रात शोधत बसलात तर हातात काही लागणार नाही.

मॅसॅच्युसेट्सचा मामला आणखी चिवट. तिथे १७२८पासून क्वेकर आणि बॅप्टिस्टांना चर्चच्या करातून सूट मिळू लागली, पण ‘हा खरोखर बॅप्टिस्ट आहे’ असा दाखला आणला तरच. वरवर सवलत वाटते. आयझॅक बॅकस या बॅप्टिस्ट पाद्र्याने नेमकं बोट ठेवलं: दाखला मागायला गेलो, की धर्माच्या बाबतीत सरकारला अधिकार आहे हे आपणच कबूल केलं. १७७३मध्ये त्याने बॅप्टिस्टांना दाखलेच सादर करू नका असं आवाहन केलं. त्याआधी ॲशफील्ड गावात तर दाखल्याचीही सोय नव्हती. १७७०मध्ये थकलेल्या करापोटी बॅप्टिस्टांच्या जमिनी लिलावात निघाल्या. त्यांनी दाद मागितली ती थेट लंडनला, आणि १७७१मध्ये राजाने या वसुलीमागचा वसाहतीचा कायदा नामंजूर केला. राजा म्हणजे जुलूम, वसाहत म्हणजे स्वातंत्र्य हे पाठ केलेलं समीकरण इथे साफ मोडतं.

मग नागरिकत्व तपासा. इथे मुद्दाम सगळ्यांत उदार वसाहत निवडा, ऱ्होड आयलंड. रॉजर विल्यम्सने मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार होऊन १६३६मध्ये तिथे प्रॉव्हिडन्स वसवलं. १६६३ची सनद धार्मिक मतभेदांवरून कुणालाही छळू नये असं सांगते. तरी न्यूपोर्टचा ज्यू व्यापारी ॲरन लोपेझ याला १७६२मध्ये तिथल्या न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. वसाहतींतल्या ज्यूंनाही नागरिकत्व देणारा ब्रिटिश संसदेचा १७४०चा कायदा त्याच्या बाजूने होता. शेवटी ते त्याला मिळालं ते मॅसॅच्युसेट्समध्ये! पुढच्याच वर्षी न्यूपोर्टमध्ये सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, उद्घाटन झालं. प्रार्थनेची मुभा आणि नागरिकाचा हक्क यांचे रकाने वहीत वेगवेगळे ठेवा.

अर्ज वाचताना उत्तरही वाचा. आजच्या न्यूयॉर्कमधल्या, तेव्हा डच वसाहतीत असलेल्या फ्लशिंगच्या रहिवाशांनी १६५७मध्ये डच गव्हर्नर स्टायव्हसंटला क्वेकरांच्या बाजूने अर्ज दिला. ते स्वतः क्वेकर नव्हते. अर्ज लिहिणारा कारकून अटकेत गेला. पुढे जॉन बाउनने क्वेकरांना घरी सभा घेऊ दिल्या म्हणून त्याला हद्दपार केलं, तेव्हा तो ॲमस्टरडॅमला, ती वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या दारात उभा राहिला. कंपनीने १६६३मध्ये स्टायव्हसंटला आवरतं घ्यायला लावलं. त्या पत्रात विवेकाची भाषा आहेच, पण कडक वागलात तर नवे लोक यायचे थांबतील ही काळजीही आहे. दोन्ही टिपून घ्या.

एक शेवटची खबरदारी तारखांची. धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी १७९१ची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय संसदेला बांधत होती, राज्यांना नाही. व्हर्जिनियाने आपला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६मध्येच केला होता. मॅसॅच्युसेट्समधला चर्चचा कर सुटायला १८३३ उजाडलं. ‘अमेरिकेत अमुक साली’ असं लिहू नका, राज्याचं नाव घाला.