डिझेल पिकअप: हवा कुठून शिरत होती

इंजिन उतरवून रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट सगळं नवं बसवलं. गाडी सुरूही झाली. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसता स्टार्टर फिरायचा. फार जीव तुटायचा. थंड इंजिन सुरू होताना आत ऊब देणारे ग्लो प्लग ठीक होते. मग फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावली, आणि बुडबुडे दिसले! ही गळती फसवी असते: इथे दाब नसतो, ओढ असते, म्हणून डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. दोष फिल्टरवरच्या हातपंपाच्या कडक झालेल्या सीलमध्ये निघाला. सील बदललं, हवा बाहेर काढायचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला. आता सकाळी लगेच सुरू होते. चेसीचा गंज खरवडून प्रायमर मारलाय. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश अजून बाकी आहेत.