टॉप-डाउन डिझाइन करताना या चुका टाळा

मोठ्या कामाचे आधी चार-पाच भाग पाडायचे, त्या प्रत्येकाचे आणखी बारीक भाग करायचे, आणि थेट कोड लिहिता येईल इतकं सोपं काम उरलं की थांबायचं. टॉप-डाउन डिझाइन शिकवताना बहुधा एवढंच सांगितलं जातं. संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९७१ साली आठ वजिरांचं कोडं (बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे बसवायचे) सोडवत ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांचा भर निर्णयांवर होता. प्रत्येक पायरीवर आपण काहीतरी ठरवतो, आणि सूचना जशा बारीक होतात तशी डेटाची मांडणीही बारीक होत जाते. पट मेमरीत कसा ठेवायचा, हे त्यांनी मुद्दाम उशिरा ठरवलं. हा निर्णयांचा भाग गाळून नुसते तुकडे पाडले की अडचणी सुरू होतात.

एक छोटं उदाहरण धरून चालू: मजकुराच्या फाइलमधले सर्वांत जास्त वेळा आलेले १० शब्द शोधायचे आहेत. वरची पातळी अशी दिसेल:

मजकूर = फाइल_वाच(नाव)
शब्द = शब्द_वेगळे_कर(मजकूर)
मोजणी = शब्द_मोज(शब्द)
यादी_छाप(मोजणी, मर्यादा)

आराखडा कागदावरच राहतो

वरची पातळी वहीत लिहायची आणि मग खालचं एकेक फंक्शन पूर्ण करत बसायचं, ही सवय फार दिसते. सगळं शेवटी जोडायला घेतलं की एक फंक्शन नुसती यादी देतं आणि दुसऱ्याला डिक्शनरी, म्हणजे शब्द आणि त्याची संख्या अशा जोड्या, हव्या असतात. वरच्या चार ओळी पहिल्याच दिवशी चालल्या पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक फंक्शनच्या जागी स्टब, म्हणजे ठरलेलं उत्तर देणारं तात्पुरतं फंक्शन, ठेवा: शब्द_वेगळे_कर ठरलेले तीन शब्द परत देईल, शब्द_मोज ठरलेली मोजणी देईल. छापून येणारं उत्तर अर्थातच खोटं असेल, पण जोडणी खरी असेल.

भागांमधून काय जातं ते ठरलेलं नसतं

लक्षण ओळखायला सोपं आहे. एखादं फंक्शन एकटं चालवून बघा. त्याआधी दुसरी तीन फंक्शनं चालवावी लागत असतील, तर डेटा ग्लोबल व्हेरिएबलमधून (सगळ्या फंक्शनांना खुल्या असलेल्या जागेतून) चोरवाटेने फिरतो आहे. प्रत्येक फंक्शनच्या वर एका ओळीत लिहा: आत काय येतं, बाहेर काय जातं, आत काही आलंच नाही तर काय होतं. ही ओळ लिहिता येत नसेल, तर तो भाग अजून नीट सुटा झालेला नाही. नावात ‘आणि’ घालावासा वाटला तरी तेच समजा.

कामाचा क्रम म्हणजेच मॉड्यूल, असं मानलं जातं

ही चूक सगळ्यांत महागात पडते, कारण सुरुवातीला ती चूक वाटतच नाही. आधी वाच, मग तोड, मग मोज, मग छाप: फ्लोचार्टमधल्या चौकटी उचलल्या आणि त्यांचीच मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग, केली. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये शब्दसूची तयार करणाऱ्या एका प्रोग्रॅमची विभागणी दोन प्रकारे करून दाखवली. क्रमाप्रमाणे पाडलेल्या मॉड्यूलमध्ये ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत हे जवळजवळ प्रत्येकाला माहीत असावं लागत होतं, म्हणून ती साठवण बदलली की सगळीकडे हात घालावा लागे. दुसऱ्या विभागणीत बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवलेला होता.

आपल्या उदाहरणातही हा धोका आहे. ‘सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये आहे’ हा निर्णय वरच्याच पातळीवर उघडा पडला आहे. मेमरीत न मावणारी फाइल आली की तो बदलावा लागेल, आणि त्याबरोबर वरच्या ओळीही. त्याऐवजी वाचणं आणि तोडणं मिळून एकच सीमा ठेवा: पुढचा शब्द द्या. तो शब्द कुठून आला याच्याशी मोजणाऱ्याला देणंघेणं नको. म्हणून पहिली विभागणी झाली की स्वतःला विचारा, उद्या काय बदलेल? त्या बदलामुळे एकापेक्षा जास्त भागांना हात लावावा लागत असेल, तर रेघ चुकीच्या जागी पडली आहे.

अवघड तळ शेवटपर्यंत तसाच

वरून खाली येताना ‘हे नंतर बघू’ म्हणून सोडलेलं एखादं काम अख्खा आराखडा मोडू शकतं. शब्द वेगळे करणं किरकोळ वाटतं ना? पायथॉन भाषेच्या अंगभूत रेगुलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीत) शब्दातल्या अक्षरासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू हा नमुना आहे. तो काना, वेलांटी ही चिन्हं अक्षरांत धरत नाही. त्यामुळे ‘मराठी’ या एका शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. इंग्रजी मजकुरावर सगळ्या चाचण्या पास होतात आणि मराठी फाइल दिली की मोजणी कोसळते. ज्या तळाच्या कामाबद्दल खात्री नाही, त्याचा वीस ओळींचा प्रयोग आराखड्याच्या आधीच करून बघावा. टॉप-डाउनच्या शिस्तीत ते बसत नाही असं कुणी म्हटलं, तरी करावा. आणि प्रयोगातून वरची विभागणी चुकीची दिसली तर वर जाऊन ती बदलावी. मागे फिरावं लागेल, प्रसंगी अगदी वरपर्यंत, हे विर्थ यांनीही मान्य केलं होतं.

तुकडे किती बारीक करायचे यावर फार डोकं शिणवू नका. फंक्शनचं नाव वाचून जेवढं कळतं तेवढंच त्याच्या आतली एक ओळ वाचून कळत असेल, तर ते फंक्शन नको.

स्टब मागे राहून जातात

स्टब नेहमी गोड उत्तर देतो: फाइल सापडली, शब्द मिळाले. त्यामुळे रिकामी फाइल किंवा चुकीचं नाव या वाटा कधी चालवल्याच जात नाहीत. जोडणी चालली की एका स्टबला मुद्दाम रिकामी यादी द्यायला लावा, दुसऱ्याला एरर टाकायला लावा, आणि वरच्या ओळी तग धरतात का ते बघा. नंतर जे स्टब भरायचे राहिलेत, त्यांचं ठरलेलं उत्तर काढून तिथे नॉट-इम्प्लिमेंटेड (‘अजून लिहिलेलं नाही’) एरर घाला. मग विसरलेला भाग चुकीचे आकडे छापण्याऐवजी प्रोग्रॅम तिथेच थांबवेल, आणि कुठे थांबला ती ओळही दाखवेल.